फुकटच्या लाकडाचा हिशेब

गंगापूर रोडला राहणाऱ्यांना थंडी आलीय हे कोणी सांगावं लागत नाही. एका बाजूला गोदावरी, पुढे धरणाचं पाणी. डिसेंबर लागला की सकाळी फिरायला निघताना कानटोपी, स्वेटर, वर शाल असा जामानिमा करावा लागतो. आनंदवलीच्या पुढे गेलं की नर्सरीवाल्यांनी रोपांवर जुन्या साड्या पांघरलेल्या दिसतात. (आपल्या जुन्या साड्या भांडीवालीकडून कुठे जातात, याचं उत्तर मला तिथे मिळालं!) वॉचमनच्या शेकोट्या तर जागोजागी.

गेल्या डिसेंबरात अशीच फिरायला निघाले होते. बारदान फाट्याजवळ बाभळीच्या ओंडक्यांनी भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली शेजारून गेली. ओलं लाकूड होतं, साल हिरवी दिसत होती. मनात आलं, एवढं लाकूड कुठे चाललंय? वीटभट्टीला? हॉटेलला? घरी येऊन चहा टाकते तोच दिंडोरी तालुक्यातून माझ्या मोठ्या नणंदेचा, म्हणजे वन्संचा फोन.

"अगं, तू बचत गटाचे हिशेब लिहितेस ना? एक दिवस ये इकडे. घरात दोन मतं झालीत."

वन्संचं घर द्राक्षाचं. तीन एकर बाग आणि चार वर्षांपूर्वी भाच्याने हौसेने, कर्ज काढून उभारलेलं दहा गुंठ्यांचं गुलाबाचं पॉलीहाऊस. थंडीत गुलाबाची वाढ मंदावते, कळी उमलायला वेळ लागतो. भाच्याने कुठूनतरी लाकडावर चालणाऱ्या बॉयलरचं कोटेशन आणलं होतं. बाहेर भट्टीत लाकूड जाळायचं, तापलेलं पाणी पाईपने आत फिरवायचं, आतली हवा ऊबदार ठेवायची. किंमत दोन लाख साठ हजार. बँकेचं आधीचं कर्ज फिटलेलं नाही, म्हणून डोळा होता वन्संच्या पाटल्यांवर. त्या त्यांच्या आईने दिलेल्या. भाचा म्हणत होता, "लाकूड तर आपल्याला फुकटच आहे. बागेच्या काड्या आहेत, बांधावर बाभळी आहेत. एका हंगामात पैसे वसूल."

"फुकट" हा शब्द ऐकला की मी जरा सावध होते. बचत गटात पंधरा वर्षं काढल्यावर एवढं तरी शिकले.

रविवारी गेले. वन्संच्या ओट्यावर बसूनच बोलणं सुरू झालं. भाचा हुशार आहे, कृषी पदविका झालेला. त्याला म्हटलं, तू मला शिकव, मी वहीत लिहिते. मग आम्ही दोघांनी मिळून जे मांडलं ते तुम्हालाही सांगते, कारण रोपवाटिकेचं, भाजीच्या शेडनेटचं काम करणाऱ्या आपल्या पुष्कळ मैत्रिणी आहेत.

दहा गुंठे म्हणजे साधारण हजार चौरस मीटर जमीन. पण उष्णता निसटते ती जमिनीतून नाही, प्लॅस्टिकमधून. छप्पर आणि चारी बाजू धरल्या तर ते झालं सोळाशे चौरस मीटरच्या आसपास. आपल्याकडे प्लॅस्टिकचा एकच पदर असतो. आत-बाहेर एक अंशाचा फरक ठेवायचा तर दर चौरस मीटरमधून तासाला सुमारे ५ किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. बाहेर ५ अंश असताना आत १३ ठेवायचे, म्हणजे फरक ८ अंशांचा. सोळाशे गुणिले पाच गुणिले आठ. तासाला ६४ हजार किलोकॅलरी!

आता लाकूड. चांगलं वाळलेलं लाकूड किलोला ३,५०० किलोकॅलरीच्या आसपास देतं. त्यातली तिसरा हिस्सा तरी धुराड्यातून आणि भट्टीच्या अंगातून जाते. हाताशी उरतात २,४०० च्या आसपास. म्हणजे तासाला २६-२७ किलो लाकूड. रात्री अकरा ते सकाळी सात, आठ तासांचे दोनशे किलो. एका रात्रीला!

भाच्याचा चेहरा इथेच जरा उतरला. पण तो म्हणाला, "मामी, लाकूड आपलंच."

"बरं. समजा विकलंस तर किलोला काय मिळेल?"

वखारीचा भाव आम्ही सात रुपये धरला. रात्रीचे झाले चौदाशे. कडाक्याच्या चाळीस रात्री धरल्या तर छप्पन्न हजार. शिवाय भट्टीत लाकूड कोण सारणार? रात्रभर अर्ध्या-पाऊण तासाने उठावं लागेल. माणूस ठेवला तर रात्रीचे चारशे, म्हणजे आणखी सोळा हजार. "मी स्वतः जागेन," भाचा म्हणाला. वन्सं आतून ओरडल्या, "आणि दिवसा फुलं कोण तोडेल, मी?" बॉयलर दहा वर्षं टिकला असं धरलं तर वर्षाचे सव्वीस हजार. व्याज धरलंच नाही. गोळाबेरीज एका थंडीची ९८ हजार.

त्याच्या पॉलीहाऊसमध्ये सहा हजार झाडं. थंडीत लग्नसराई सोडली तर एका फुलामागे चार रुपये हातात पडतात, असं त्यानेच सांगितलं. म्हणजे नुसता खर्च भरून निघायला साडेचोवीस हजार फुलं जास्त यायला हवीत. झाडामागे चार. आणि एक झाड वर्षाला देतं पंचवीस-तीस फुलं. चाळीस दिवसांत तीन. तिनाच्या जागी सात फुलं यायला हवीत, तेव्हा कुठे बरोबरी. ऊब दिली म्हणून झाड दुपटीहून जास्त फुलेल का?

भाचा काही बोलला नाही. वही स्वतःकडे ओढून त्याने गुणाकार परत केले. बरोबर होते.

आणि हा हिशेब आम्ही उदार मनाने केला होता हं! लाकूड वाळलेलं धरलं होतं. मी त्या ट्रॉलीत पाहिलं तसं ओलं लाकूड असेल तर त्याच्या वजनात निम्मं पाणी असतं. ते पाणी आधी उकळून वाफ व्हायला हवं, मग ऊब. ओल्या लाकडाचा किलो वाळलेल्याच्या जेमतेम निम्म्यावर उष्णता देतो. वजनावर विकत घेतलं तर आपण सात रुपये किलोने पाणी घेतो. आपल्या आज्या पावसाळ्याआधी सरपण वाळवून माळ्यावर का रचायच्या, ते कॅलरीच्या भाषेत मला त्या दिवशी कळलं. दुसरं म्हणजे आपल्याकडची पॉलीहाऊसं उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली. वर हवा जायला कायमची उघडी फट असते. गरम हवा वरच चढते. म्हणजे फटीतून निम्मा पैसा आकाशात.

"मग परदेशात कसं परवडतं?" त्याने मोबाईलवर बर्फात उभी असलेली काचघरं दाखवली. प्रश्न रास्त होता, म्हणून घरी येऊन मी मुलाच्या मदतीने थोडं वाचलं. तिकडे थंडी महिनोन्महिने असते, तापवलं नाही तर पीकच नाही. आपल्याकडे प्रश्न चाळीस रात्रींचा आणि थोड्या कमी फुलांचा. तिकडे छताखाली रात्री पडदे ओढून घेतात, ऊब राखण्यावर आधी खर्च करतात, आणि तरीही कधीकधी गणित कोसळतं. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे गॅस महागला, तेव्हा हॉलंडमधल्या कितीतरी काचघरवाल्यांनी काही हंगाम घरं रिकामीच ठेवली. केनियात नैवाशा सरोवराकाठी ओसेरियन नावाच्या गुलाबाच्या शेतीने जमिनीखालच्या गरम वाफेवर काचघरं तापवली, पण ती वाफ त्यांच्या पायाखालीच होती. आणि लाकडाची गंमत ऐका. उत्तर आयर्लंडमध्ये २०१२ पासून सरकारने लाकडाचे बॉयलर लावणाऱ्यांना उष्णतेच्या मापाने अनुदान दिलं. ते लाकडाच्या किमतीपेक्षा जास्त ठरलं! एक पौंडाचं लाकूड जाळलं की एक पौंड साठ पेन्स परत. लोकांनी रिकाम्या शेड तापवल्याच्या तक्रारी झाल्या. २०१६ मध्ये योजना बंद करावी लागली आणि त्या भानगडीत २०१७ च्या जानेवारीत तिथलं सरकार पडलं. लाकूड जाळणं तिथे परवडत होतं, कारण पैसे दुसऱ्याच्या खिशातून येत होते.

वन्संना ही गोष्ट फोनवर सांगितली तेव्हा त्या इतक्या हसल्या की दाजींना वाटलं रडताहेत.

आता जे खरं काळजीचं, ते सांगते. बॉयलरची गोष्ट निघायच्या आधी भाच्याने एक प्रयोग केला होता. पॉलीहाऊसमध्ये घमेल्यात निखारे भरून ठेवले होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पानं पिवळी पडून गळायला लागली. लाकूड अर्धवट जळलं की धुरात इथिलीन असतं. केळी पिकवायला वापरतात तोच वायू. गुलाबालाही तो "पिकवतो", म्हणजे पानं, कळ्या गाळतो. पण त्याहून वाईट हे की, उबेला म्हणून रखवालीचा मुलगा तिथेच आत, पडदे लावून झोपला. पहाटे डोकं धरून, उलट्या करत बाहेर आला. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. तो मुलगा वाचला कारण वरची फट उघडी होती. हे मला वन्संनी सगळं आटोपल्यावर, हळू आवाजात सांगितलं. मैत्रिणींनो, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून दारं-खिडक्या गच्च लावण्याची पद्धत अजून कितीतरी घरांत आहे. शेक द्यायचा तर खिडकी उघडी ठेवून, आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर.

मग लाकूड जाळायचंच नाही का? तसंही नाही. दाजी इतका वेळ गप्प होते, ते आता बोलले. "वहिनी, पॉलीहाऊसचं सोडा. बागेतल्या शेकोट्या मी बंद करणार नाही."

आणि त्यांचं बरोबर होतं. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात थंडीचा आकडा नोंदवला जातो, तो पेपरात आपण वाचतोच. २०१८ च्या डिसेंबर अखेरीस तिथला पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता, पानांवरचं दव गोठलं होतं. पारा दहाच्या खाली उतरला की द्राक्षाची वाढ अडते. आणखी उतरला की मण्यांना तडे जातात. थॉमसनचे हिरवे मणी गुलाबी पडतात, आणि गुलाबी मणी निर्यातीतून बाद. अशा रात्री वर्षात दोन, तीन, फार तर पाच. पण त्या एका रात्रीत वर्षभराचं पीक आणि त्यावरचं कर्ज पणाला लागलेलं असतं. तिथे दोन-चारशे किलो लाकूड म्हणजे काहीच नाही. पॉलीहाऊसमधलं लाकूड हा रोजचा खर्च, बागेतलं लाकूड हा विमा. आग तीच, हिशेब निराळा.

फक्त शेकोटीबद्दलचा एक समज मला सोडावा लागला. मला वाटायचं, धूर झाला की ऊब टिकते. म्हणून लोक ओला पाला टाकतात, काहीजण टायरसुद्धा जाळतात. पण शास्त्र सांगतं, धुराने फारसं काही होत नाही, काम करते ती आच. शांत, निरभ्र रात्री जमिनीलगत थंड हवा आणि तिच्या वर थोडी ऊबदार हवा असते. छोट्या छोट्या पुष्कळ शेकोट्या लावल्या तर ती ऊब बागेतच घोळते. एकच मोठा जाळ केला तर गरम हवा सरळ वर भोक पाडून निघून जाते. म्हणजे एकराला एक होळी नको, तीस-चाळीस चुली हव्यात. टायर तर नकोच नको. विहिरीचं पाणी पहाटे ठिबकने सोडतात तेही त्यासाठीच, विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा पुष्कळ ऊबदार असतं.

एवढ्यावर हा लेख संपला असता. पण निघताना वन्सं सहज म्हणाल्या, "काय सांगू, यंदा थिनिंगला बायकाच मिळेनात. मणी विरळायची वेळ, आणि नेहमीची टोळी दुसऱ्या बागेत गेली."

ही टोळी दहा वर्षं वन्संकडेच यायची. टोळीची मुकादम मावशी माझ्या ओळखीची आहे, तिच्या पाड्यावरच्या बचत गटाच्या बैठकीला मी जाते. परतीच्या वाटेवर गाडी तिकडे वळवली. मावशी चुलीपुढे होती. झोपडीत धूर, तिचे डोळे लाल. कोपऱ्यात गॅसची शेगडी होती, कपड्याने झाकलेली. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, त्यानंतर घरात आलेली. "टाकी भरायची म्हंजी दोन-अडीच दिसाची मजुरी जाती ताई. पाव्हणं आलं की पेटवतो."

मग वन्संच्या बागेचं विचारलं. आधी "असंच, असंच" म्हणाली. मग सांगितलं, "ऑक्टोबरात छाटनी झाली. दरवर्साला काड्या आमी नेतो. रोज संध्याकाळी एक मोळी. औंदा दादा म्हनला, काड्या न्यायच्या न्हाई, बॉयलरला लागतील. मंग आमी म्हनलं, ऱ्हाउंद्या. दुसऱ्या बागेत मजुरी तेवढीच, आन् काड्या नेऊ देत्यात."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनेही हिशेब केला होता आणि तिचा आमच्यापेक्षा आधी झाला होता.

मी तिथेच बसून मनात मांडलं. एक मोळी वीस किलोची. वखारीच्या भावाने एकशे चाळीस रुपये. म्हणजे मजुरीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त! दहा वर्षं वन्संकडे मजुरी दोन भागांत दिली जात होती, एक भाग पैशात आणि एक काड्यांत. दुसरा भाग कोणी कधी वहीत लिहिलाच नव्हता, म्हणून तो "फुकट" होता. भाच्याने तो बंद केला तेव्हा त्याच्या लेखी त्याने कोणाचं काही घेतलंच नाही. आणि काड्या मिळाल्या नाहीत तर मावशी काय करते? सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून डोंगराकडे जाते. तो वेळही कुणाच्या वहीत नाही.

खरं सांगते, मीही लिहिला नव्हता. सकाळी ओट्यावर बसून लाकडाचा सात रुपये भाव लावताना मला फक्त वखार आठवली होती.

रात्री वन्संना फोन केला. त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "अगं, माझी आईसुद्धा तुऱ्हाट्यांच्या मोळ्या आणायची डोक्यावर. मला कसं सुचलं नाही?" दाजींना मात्र ते पटलेलं नव्हतं. काड्या बागेच्या, बाग आपली, यात मजुरीचं काय, असं त्यांचं म्हणणं. शिवाय हल्ली काड्यांची कुट्टी करून बागेतच खत करतात, तेही त्यांना करायचं होतं. जमिनीचाही काड्यांवर हक्क आहेच, हे मला नाकारता येईना. शेवटी तोडगा निघाला तो असा. एप्रिलच्या छाटणीला काड्या जास्त निघतात, त्यातल्या निम्म्या कुट्टीला, निम्म्या बायकांना. ऑक्टोबरच्या सगळ्या बायकांना, पण थंडीच्या चार-पाच रात्रींपुरता एक ढीग बांधावर राखून. राखलेल्या ढिगाच्या बदल्यात मजुरीत काही वाढवायचं का, यावर अजून बोलणं चालू आहे. मावशीने "बघू" म्हटलंय.

पाटल्या वन्संच्या हातातच आहेत. बॉयलरवाल्याचे फोन भाच्याला अजून येतात. त्याने त्याऐवजी दोन गोष्टी केल्या. बाजूचे पडदे तो अंधार पडल्यावर लावायचा, ते आता चार वाजताच, ऊन आत असतानाच सोडतो. सकाळी ऊन चढलं की लगेच उघडतो, नाहीतर आत दमटपणा साठून डाऊनी येतो. दुसरं म्हणजे व्हॅलेंटाइनच्या फुलांची कटिंग. एरवी तो सगळ्या बेडची एकाच वेळी, डिसेंबर अखेरीस करायचा. थंडीने चार-पाच दिवस उशीर झाला की १४ फेब्रुवारी उलटून जायची आणि दहा रुपयांचं फूल तीन रुपयांवर यायचं. त्या काही दिवसांपुरतं तापवणं परवडेल, हा त्याचा मुद्दा मला शेवटपर्यंत खोडता आला नव्हता. पण उशीर सगळ्या जानेवारीभर थोडा थोडा साठत जातो, शेवटच्या आठवड्यात तापवून तो भरून निघत नाही, हे त्याच्याच लक्षात आलं. म्हणून यंदा त्याने निम्म्या बेडची कटिंग सहा दिवस आधी उरकली. खर्च शून्य.

मी हे लिहितेय तेव्हा जानेवारी अर्धा सरलाय. परवा वन्संचा फोन होता. आधी कापलेल्या बेडवर कळ्या दिसायला लागल्यात, मागाहून कापलेल्यांवर अजून नाहीत. मावशीच्या टोळीतल्या चौघी परत आल्यात. बाकीच्या त्या दुसऱ्या बागेतच आहेत.

आणि भाच्याने द्राक्षाच्या पेट्या मोजायचा वजनकाटा बांधावर नेऊन एक मोळी तोलली म्हणे. बावीस किलो भरली.